लॉटरीच्या पैशाचा हिशेब



खाजगी माणसाने सोडत काढली तर तो गुन्हेगार ठरतो, आणि तीच सोडत सरकारने काढली तर ती लोककल्याणाची योजना ठरते, असा आपल्या कायद्याचा न्याय आहे. अनधिकृत लॉटरीची कचेरी चालविणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ अन्वये गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्येही तो कायम आहे. दोन्ही कायद्यांत अपवाद मात्र सरकारी आणि सरकारमान्य लॉटरीचा. मटक्याची चिठ्ठी घेणाऱ्यास पोलीस पकडतात. लॉटरीचे तिकीट विकणाऱ्यास सरकार दलाली देते. या भेदाचे समर्थन सरकारे एकाच युक्तिवादाने करीत आली आहेत. मटकेवाल्याचा नफा त्याच्या खिशात जातो, आमचा नफा जनतेच्या कामी येतो, हा तो युक्तिवाद. आम्ही क्षणभर तो मान्य करू. पण तो मान्य केला की त्यापाठोपाठ एक प्रश्न अटळपणे येतो. जनतेच्या कोणत्या कामी, किती, आणि कोणाच्या जनतेच्या?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस विशेषत्वाने आहे. तिकिटाच्या टपरीपुढे कोण उभे असते, हे कोणीही जाऊन पाहावे. नाक्यावरचा बिगारी, सफाई कामगार, हातगाडीवाला, पेन्शनीवर दिवस काढणारा म्हातारा, हेच तेथे दिसतील. ज्यास पगारवाढीची, वारशाची किंवा धंद्यातील नफ्याची आशा आहे, त्यास आकड्यावर आशा ठेवण्याची गरज पडत नाही. सारांश, हा कर नसला तरी कराप्रमाणेच वसूल होणारा पैसा आहे, आणि तो मुख्यतः गरिबाच्या खिशातून वसूल होतो.

बाबासाहेबांनी घालून दिलेले माप

अशा पैशाचा विचार कसा करावा, याचे माप परमपूज्य बाबासाहेबांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वीच घालून दिले आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. मुंबई इलाख्यात सरकार दर माणशी शिक्षणावर केवळ चौदा आणे खर्च करीत होते, आणि त्याच माणसाकडून अबकारीच्या रूपाने दोन रुपयांहून अधिक काढून घेत होते. दारूच्या उत्पन्नातून लोकांकडून जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

या मागणीचे मर्म ध्यानी घ्यावे. बाबासाहेब सरकारी जमाखर्चाचे गाढे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला होता. त्यांनी सरकारला दारूवर व्याख्यान दिले नाही, जमेसमोर खर्च मांडून दाखविला. ज्याच्या दुर्बलतेतून पैसा घेता, त्याच्या सबलतेसाठी तो परत करा, हे त्या मापाचे सूत्र. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्राशन केले. आम्हांस या दोन घटना एकाच विचाराच्या वाटतात. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यावर जसा आपला हक्क, तसाच सार्वजनिक खजिन्यातील पैशावरही आपला हक्क.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सरकारच्या व राज्य सरकारच्या लॉटऱ्या हा विषय संघ सूचीच्या ४० व्या नोंदीत आहे. पैज व जुगार हा विषय राज्य सूचीच्या ३४ व्या नोंदीत आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत काही सभासदांनी हरकत घेतली की जुगाराचा उल्लेख घटनेत असणे हेच लाजिरवाणे आहे. बाबासाहेबांनी उत्तर दिले की नोंद काढून टाकल्याने जुगार थांबणार नाही, उलट त्यावर कोणाचेच नियंत्रण उरणार नाही. नोंद ठेवल्याने जुगाराला बंदी घालण्याचाही अधिकार विधिमंडळास मिळतो. घटनेतील ती नोंद म्हणजे जुगारास दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

सर्वोच्च न्यायालयानेही हाच मार्ग धरला. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस योजना न्यायालयापुढे आल्या होत्या. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पुढे १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस या खटल्यात न्यायालयाने सांगितले की लॉटरी सरकारने चालविली म्हणून तिचे जुगाराचे स्वरूप पालटत नाही. म्हणजे शिक्का राजमुद्रेचा असला तरी वस्तू तीच.

राज्यांच्या लॉटऱ्यांचे नियमन करणारा मुख्य कायदा १९९८ चा लॉटरी (नियमन) अधिनियम होय. त्याचे कलम ४ वाचण्याजोगे आहे. एका आकड्यावर बक्षीस देऊ नये. तिकिटे सरकारने आपल्या मुद्रेसह छापावीत. सोडत सरकारने स्वतः आणि राज्याच्या हद्दीतच काढावी. एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत नसावी. वर्षात सहाहून अधिक बंपर सोडती नसाव्यात. न मागितलेले बक्षीस मुदतीनंतर सरकारजमा व्हावे. विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात भरावी. इतक्या बारीक अटी या कायद्यात आहेत. पण वाचकहो, जमा झालेला पैसा कशावर खर्च करावा, याविषयी या कायद्यात एक शब्दही नाही. पैसा कोठे ठेवावा हे कायदा सांगतो, तो कोणासाठी वापरावा हे सांगत नाही. ज्या कल्याणाच्या नावावर हा सारा अपवाद उभा आहे, त्या कल्याणाची कायद्यात नोंदच नाही.

याचा परिणाम काय होतो? घटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याचा सर्व महसूल एकत्रित निधीत जातो. जमीन महसूल, मुद्रांक, अबकारी, लॉटरीचा नफा, सारे एकाच रांजणात. रांजणात ओतलेले पाणी कोणत्या विहिरीचे होते, हे पेला भरून घेताना कोणास सांगता येत नाही. तो पेला शाळेला दिला की मंत्र्यांच्या बंगल्याच्या दुरुस्तीला, हे विधिमंडळाने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकावरून कळते. परंतु लॉटरीच्या पैशातून काय झाले, हे मात्र कधीच कळत नाही. मग भाषणात कोणीही उठून लॉटरीतून दवाखाने चालतात, शाळा चालतात असे सांगावे, आणि ते खोडून काढण्यास कोणापाशी कागद नसावा.

एका रुपयाची वाटचाल

आता तिकिटाच्या रुपयाचे काय होते ते पाहू. त्यातील मोठा वाटा बक्षिसांत परत जातो. त्याखालोखाल वितरक, दलाल व फेरीवाले यांचे कमिशन, छपाई, सोडतीचा खर्च व जाहिराती. यांशिवाय वस्तू व सेवा कर. १ मार्च २०२० पासून सर्व लॉटऱ्यांवर हा कर २८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर तिकिटाच्या किमतीतच असतो, आणि बक्षिसाची रक्कम वजा न करता संपूर्ण तिकिटावर तो आकारणे वैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठरविले.

आठवड्यास शंभर रुपयांची तिकिटे घेणारा गृहस्थ वर्षाकाठी ५,२०० रुपये घालवितो. ४० टक्क्यांच्या दराने त्यातील सुमारे १,४८५ रुपये निव्वळ कर असतो. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. बक्षीस लागलेच तर त्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि त्यास इतर उत्पन्नाप्रमाणे किमान मर्यादेची सूट नाही. एवढे सारे वजा जाता जो उरतो तो लॉटरीचा खरा नफा. परंतु सभा-संमेलनांतून ऐकू येणारा कोटींचा आकडा बहुधा एकूण विक्रीचा असतो. विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि उत्पन्न म्हणजे नफा नव्हे. हा भेद प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावा. अंदाजपत्रकात जमेच्या बाजूस ००७५ या मुख्य शीर्षाखाली आणि खर्चाच्या बाजूस २०७५ या शीर्षाखाली राज्य लॉटरीची नोंद असते. दोन्ही वाचून वजाबाकी केल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

केरळचे उदाहरण

हा पैसा विशिष्ट कामास बांधून ठेवता येतो, हे केरळने दाखविले आहे. खाजगी लॉटऱ्या बंद करून त्या राज्याने १९६७ मध्ये आपली लॉटरी सुरू केली. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली. महाराष्ट्राची लॉटरी त्यानंतर १९६९ मध्ये आली. केरळात २०११ मध्ये ‘कारुण्य’ या नावाची लॉटरी काढण्यात आली आणि तिच्या नफ्यातून कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार व हिमोफिलिया अशा महागड्या आजारांच्या गरीब रुग्णांस मदत देणारा निधी उभा राहिला. तिकीट विकत घेणाऱ्यास ठाऊक असे की आपला रुपया कोणाच्या औषधास जातो, आणि रुग्णास ठाऊक असे की कोणत्या खिडकीवर अर्ज करावयाचा. २०१९ नंतर ही योजना व्यापक आरोग्य विमा योजनेत सामावली गेली.

या कामाचे श्रेय केरळास दिलेच पाहिजे. तथापि दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, ही कायद्याची अट. केरळाने निरनिराळ्या नावांच्या साप्ताहिक लॉटऱ्या काढून दररोज एक सोडत चालविली. कायद्याचे अक्षर पाळले गेले, हेतू मागे पडला. अलीकडील वर्षांत तेथील तिकीटविक्री वर्षास दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेली आहे. एवढी विक्री होते तेव्हा दवाखान्यासाठी लॉटरी चालते की लॉटरीसाठी दवाखान्याचे नाव चालते, हा प्रश्न विचारावाच लागतो.

जॉर्जियाचा धडा

दुसरे उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे. ते आपणांस अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे विषय शिष्यवृत्तीचा होता. १९९२ मध्ये तेथील जनतेने कौल देऊन लॉटरीस मान्यता दिली आणि तिचे उत्पन्न केवळ शिक्षणासाठी वापरावे, असे राज्याच्या संविधानातच नमूद केले. १९९३ मध्ये ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू झाली. लहान मुलांच्या बालवाड्याही या पैशातून चालू लागल्या. येथपर्यंत सारे आदर्शवत.

परंतु पुढे काय घडले ते पाहा. प्रथम वर्षी ही शिष्यवृत्ती ६६,००० डॉलरपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांस होती. पुढील वर्षी ती मर्यादा १,००,००० डॉलर झाली. १९९५ मध्ये मर्यादाच काढून टाकण्यात आली. उरली ती केवळ गुणांची अट. चांगल्या शाळांतून, शिकवण्या लावून आलेली श्रीमंतांची मुले या अटीत सहज बसू लागली. २०११ मध्ये पैसा अपुरा पडू लागला तेव्हा पूर्ण शुल्काची सवलत सर्वाधिक गुणवाल्यांपुरती राखून इतरांची मदत कमी करण्यात आली. तिकिटे अधिक घेणारे गरीब व कृष्णवर्णीय, आणि शिष्यवृत्ती अधिक घेणारे सुस्थितीतील गौरवर्णीय, असे चित्र तेथील अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासाअंती दाखविले आहे.

वाचकहो, पैसा शिक्षणास बांधला होता, कायदाही पाळला गेला, आणि तरीही वस्तीचा पैसा बंगल्यात गेला. कारण काम ठरविले होते, माणूस ठरविला नव्हता. ‘गुणवत्ता’ या शब्दाने दार कसे बंद करता येते, हे आपणांस जॉर्जियाने शिकविण्याची गरज नाही.

मधल्या माणसाचा वाटा

राज्य आणि ग्राहक यांच्यामध्ये जो वितरक उभा असतो, त्याच्याकडेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरविली आणि त्यानंतर रोखे घेणाऱ्यांची नावे जाहीर झाली. एप्रिल २०१९ पासूनच्या त्या यादीत सर्वाधिक, म्हणजे १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेणारी कंपनी लॉटरीची वितरक होती. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. ज्या धंद्यातून शाळा व दवाखाने चालतात असे सांगितले जाते, त्या धंद्यातील मध्यस्थाजवळ राजकीय पक्षांस देण्याइतका पैसा उरत होता, एवढे सत्य पुरेसे बोलके आहे.

दोन आक्षेप

काही जण म्हणतील की सरकारी लॉटरी बंद केली तर लोक मटक्याकडे वळतील. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तामिळनाडूने २००३ मध्ये लॉटऱ्यांवर बंदी घातली. बंदी परिणामकारक करावयाची तर चोरट्या विक्रीवर पहारा ठेवणे प्रत्येक राज्यास भागच असते. पण या युक्तिवादातून लॉटरी चालू ठेवण्याचे कारण मिळते, हिशेब न देण्याचे कारण मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की तिकीट घेणारा स्वखुशीने घेतो. त्यास कोणी सक्ती करीत नाही. दारू पिणाराही स्वखुशीनेच पीत होता. तरीही बाबासाहेबांनी अबकारीचा हिशेब मागितला, कारण सरकार स्वखुशीने दिलेल्या पैशाचेही मालक नसते, विश्वस्त असते.

आमच्या मागण्या

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, लॉटरी चालविणाऱ्या प्रत्येक राज्याने दरवर्षी एका पानाचा ताळेबंद प्रसिद्ध करावा : विक्री किती, बक्षिसे किती, कमिशन किती, कर किती, न मागितलेली बक्षिसे किती, निव्वळ नफा किती. दुसरी, हा नफा कोणत्या कामी व कोणत्या उत्पन्नगटातील लोकांसाठी वापरावा, हे विधिमंडळाने कायद्यानेच ठरवावे आणि त्यात उत्पन्नाची मर्यादा कायम राखावी. तिसरी, हा पैसा मूळ तरतुदीत भर म्हणून यावा, तिची जागा घेण्यासाठी येऊ नये. शिष्यवृत्तीस पाचशे कोटी होते, लॉटरीचे शंभर आले, आणि सरकारने स्वतःचे शंभर काढून घेतले, तर विद्यार्थ्यास एक पैही अधिक मिळाली नाही; लाभ झाला तो खजिन्याचा.

शिष्यवृत्तीचे नाव आम्ही विनाकारण घेत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. २०२०-२१ पासून तिचा साठ टक्के भार केंद्रावर आणि चाळीस टक्के राज्यांवर आहे. राज्याचा वाटा वेळेवर न पडल्याने महाविद्यालयाच्या कचेरीबाहेर उभा राहणारा विद्यार्थी आपल्याच घरचा असतो. त्याचा बाप ज्या टपरीवर तिकीट घेतो, त्या टपरीचा रुपया खजिन्यात विनाविलंब पोहोचतो. खजिन्यातून निघालेला रुपया त्या मुलापर्यंत पोहोचण्यास मात्र वर्ष लागते. या दोन वाटांमधील अंतर हाच आमच्या तक्रारीचा गाभा आहे.

आपण काय करावे

मागणी करून स्वस्थ बसणे हा आपला मार्ग नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये कोणीही नागरिक वित्त विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. महाराष्ट्रात त्यास दहा रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. अर्जात मोघम प्रश्न विचारू नयेत. गेल्या पाच वित्तीय वर्षांतील राज्य लॉटरीची एकूण विक्री, वाटलेली बक्षिसे, दिलेले कमिशन, सरकारजमा झालेली न मागितलेली बक्षिसे आणि निव्वळ उत्पन्न यांचा वर्षनिहाय तपशील मागावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. आलेले उत्तर विहारात वाचून दाखवावे आणि त्याची प्रत आपल्या आमदारास देऊन सभागृहात प्रश्न विचारण्यास सांगावे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे अधिकारी होत, असे बाबासाहेबांनी संविधान सभेत म्हटले होते. त्यांचे राज्यांविषयीचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात व सर्वांस खुले असतात. ते वाचण्याची सवय आपल्या शिकलेल्या मुलामुलींना लावावी.

आणि शेवटी घरातील हिशेब. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थास जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. त्यांत धनहानी तर आहेच, पण जुगाऱ्याच्या शब्दास सभेत वजन राहत नाही, हाही एक आहे. वकिली करणाऱ्यास या तोट्याची किंमत चांगली समजते. द्यूतात राज्य घालविणाऱ्यास धर्मराज म्हणणारी परंपरा आपण मागे टाकून आलो आहोत. तिकिटाच्या रूपाने ती पुन्हा उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये. आठवड्याचे ते शंभर रुपये पोस्टात मुलीच्या नावे ठेवले तर वर्षाअखेरीस ५,२०० रुपये व्याजासह नक्की हाती येतात, आणि त्यासाठी कोणता आकडा लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

सरकारकडे हिशेब मागणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब चोख असावा. तो असला म्हणजे खजिन्याच्या दारात उभे राहून, बाबासाहेबांनी १९२७ मध्ये विचारला तोच प्रश्न आपण ताठ मानेने विचारू शकतो : आमच्याकडून एवढे घेतले, आमच्या मुलांच्या शिक्षणास किती दिले?